संगणक बंद होत नाही तेव्हा

संगणक सुरू झाला नाही तर आपण लगेच दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. बंद झाला नाही तर बटण दाबून धरतो, दिवा विझला की शटर ओढतो आणि घरी जातो. ही दुसरी तक्रार त्यामुळे वर्षानुवर्षे तशीच राहते. एक दिवस टॅलीचा डेटा उघडत नाही किंवा विंडोज अर्ध्यावर अडकते, तेव्हा त्याचा संबंध रोज दाबून धरलेल्या त्या बटणाशी कोणी जोडत नाही.

चिपळूणमध्ये हे दुर्लक्ष जास्त महागात पडते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. कोयनेचे पोफळी वीजगृह याच तालुक्यात असले, तरी पावसाळ्यात लाईट जायची ती जातेच. वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरू लागले की आवराआवरीला फार वेळ मिळत नाही. अशा गावात सांगितल्याबरोबर व्यवस्थित बंद होणारा संगणक ही गरज आहे. म्हणून या साध्या वाटणाऱ्या तक्रारीकडे नीट पाहायला हवे. ती कुठून आली, तिचे प्रकार कोणते, कारण कसे शोधायचे आणि आपल्या हवामानात कशाची जास्त काळजी घ्यायची, हे या लेखात मांडले आहे. सगळ्याचा गाभा एकच आहे: बंद न होणारा संगणक बहुतेक वेळा कशासाठी तरी खोळंबलेला असतो. तो कशासाठी खोळंबला आहे हे शोधणे हीच खरी दुरुस्ती.

खटक्यापासून आज्ञेपर्यंत

सुरुवातीच्या पीसींना हा प्रश्न नव्हता. त्यांचा खटका वीज सरळ तोडत असे. डॉसमधले काम संपले की खटका पाडायचा, एवढेच. विंडोज ९५ ला मात्र मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवून मगच थांबता येत असे. ती आपली आवराआवर करी आणि आता यंत्र बंद करायला हरकत नाही, असे केशरी अक्षरांत सांगे. खटका पाडायचे काम तरीही माणसाकडेच होते.

ते काम यंत्राकडे गेले १९९५ नंतर. त्या वर्षी इंटेलने मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची एटीएक्स ही रचना आणली. तिच्यात पुढचे बटण वीज तोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त विनंती करते. वीज कधी तोडायची हे विंडोजने ठरवायचे, मदरबोर्डने ती आज्ञा एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला, द्यायची आणि एसएमपीएसने ती पाळायची. या तिघांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये एपीएम नावाने केले होते. १९९६ मध्ये तोशिबाला सोबत घेऊन त्यांनी एसीपीआय हे नवे नियम आणले आणि आजचे संगणक त्यांच्यावरच चालतात. सोय झाली खरी, पण साखळीत तीन कड्या आल्या आणि त्यांतली कोणतीही अडू शकते.

पहिली मोठी साथ १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. बंद करताना यंत्रे अडकत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मायक्रोसॉफ्टने फक्त शटडाऊनसाठी वेगळी दुरुस्ती काढली. लवकर बंद होण्यासाठी विंडोज ९८ मध्येच दिलेली एक सोय बंद केली, की अनेक यंत्रे सरळ होत. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत, विंडोज ७ चा आधार संपल्यावर महिन्याभरातच, तुम्हाला हा संगणक बंद करण्याची परवानगी नाही, असा संदेश काही यंत्रांवर येऊ लागला. विंडोज ११ मध्ये ‘अपडेट करून बंद करा’ असे सांगूनही यंत्र बंद न होता पुन्हा सुरू होई. हा दोष २०२५ च्या ऑक्टोबरअखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला. प्रत्येक पिढीत तक्रार तीच राहिली, फक्त कारणाची जागा सरकत गेली. आधी ते बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, आणि ड्रायव्हर यांत सापडे. आता बहुधा मागे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आणि अपडेटमध्ये सापडते.

बंद होताना आत काय चालते

शट डाऊन निवडले की विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारते, तुझे आटोपले का? सेव्ह न केलेले पत्र असेल तर वर्ड थांबायला सांगतो. टॅली उघडी असेल तर ती बाहेर पडण्याआधी हो की नाही विचारते. एखादा प्रोग्रॅम पाच सेकंदांत उत्तरच देत नसेल तर विंडोज त्याला हँग झालेला मानते. विस्टापासून, म्हणजे २००७ पासून, खोळंबा करणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते. मग पडद्यामागच्या सेवांची पाळी: छपाईची रांग, अँटिव्हायरस, डेटाबेस. त्यांनाही काही सेकंद मिळतात आणि काहींना जादा मुदत मागता येते. त्यानंतर ड्रायव्हर आपापली उपकरणे थांबवतात, मेमरीत राहिलेला मजकूर डिस्कवर उतरतो आणि सर्वांत शेवटी मदरबोर्डला वीज तोडायची आज्ञा जाते. दुकान वाढवतानाही क्रम असाच असतो: आधी गिऱ्हाईक, मग गल्ला, मग दिवे आणि शेवटी शटर.

हा क्रम माहीत असला की यंत्र कोणत्या टप्प्यावर अडले आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. पण २०१२ पासून त्यात एक बदल झाला आहे आणि त्याची माहिती कमी लोकांना असते. विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असेल तर शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे अडकलेलाच परत येतो. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला आता पूर्वीइतका लागू पडत नाही. ‘रीस्टार्ट करा’ हा पडतो, कारण रीस्टार्टमध्ये गाभाही नव्याने उभा राहतो. पूर्ण बंद करायचे असेल तर शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाऊन निवडावे. बंद होण्याची तक्रार वारंवार येत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप काढून टाकावे. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण पुष्कळ यंत्रे एवढ्यानेच सुधारतात.

तक्रार एक, प्रकार चार

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ‘बंद होत आहे’ या अक्षरांवर यंत्र थांबणे. इथे दोष प्रोग्रॅम, सेवा किंवा ड्रायव्हरचा असतो. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत नेहमीचे संशयित ठरलेले आहेत: छपाईच्या रांगेत अडकलेला कागद, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची मागे चालणारी सेवा, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि एकाच वेळी बसवलेले दोन अँटिव्हायरस. यूएसबीला जोडलेले सगळे काढून पुन्हा बंद करून पाहणे ही पहिली आणि बिनखर्चाची चाचणी. बंद व्हायला खूप वेळ लागतो आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, असे असेल तर डिस्क थकली आहे का हे तपासावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते आणि ती वाचणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. अशा वेळी दुरुस्तीच्या आधी डेटाची प्रत घ्यावी.

दुसरा प्रकार म्हणजे बंद केलेले यंत्र आपोआप सुरू होणे. याची तीन कारणे प्रामुख्याने दिसतात. बंद होता होता विंडोज कोसळते आणि ‘कोसळल्यास आपोआप रीस्टार्ट’ ही सेटिंग चालू असल्याने पुन्हा उभी राहते. ही सेटिंग काढली की निळा पडदा दिसतो आणि त्यावरचा संदेश कारण सांगतो. ड्रायव्हरने वीज सोडण्यास नकार दिला असेल तर तिथे ९एफ हा क्रमांक असतो. दुसरे कारण म्हणजे नेटवर्क कार्ड, माऊस किंवा कीबोर्डला यंत्र जागे करण्याची दिलेली परवानगी. तिसरे कारण आपल्या गावात हमखास भेटते. लाईट परत आल्यावर काय करायचे याची एक सेटिंग बायोसमध्ये असते. ती ‘चालू हो’ अशी असेल तर रात्री लाईट जाऊन आली की बंद दुकानातला संगणक एकटाच चालू होतो आणि पुढच्या झटक्याला पुन्हा धाडकन बंद पडतो. एका रात्रीत असे कितीही वेळा होऊ शकते. ती सेटिंग ‘बंदच राहा’ अशी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

तिसऱ्या प्रकारात पडदा काळा होतो, पण पंखा आणि दिवा चालूच राहतात. विंडोजचे काम झालेले असते, वीज तोडायची आज्ञा मात्र पोहोचत नाही किंवा पाळली जात नाही. बायोसची जुनी आवृत्ती, मदरबोर्डच्या चिपसेटचे किंवा मॅनेजमेंट इंजिनचे न जुळणारे ड्रायव्हर आणि क्वचित बिघडलेला एसएमपीएस ही कारणे असतात. ड्रायव्हर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. लॅपटॉप असा अडकला तर चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला चार्ज उतरतो.

चौथा प्रकार रीस्टार्टचा. यंत्र बंद होते पण पुन्हा उभे राहत नाही, कंपनीच्या चिन्हावर थांबते. बरेचदा मागे विसरलेला पेनड्राइव्ह कारण असतो, कारण बायोस त्याच्यावरून यंत्र सुरू करायचा प्रयत्न करते. तारीख आणि वेळही मागे जात असेल तर मदरबोर्डवरची तीन व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली आहे असे समजावे.

छडा लावण्याची पद्धत

आपल्याकडचा सरसकट उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे. दोष प्रोग्रॅममध्ये असेल तर त्याने गुण येतो, पण नेमके काय बिघडले होते हे कळत नाही आणि तोच प्रोग्रॅम परत टाकला की तक्रार परत येते. दोष डिस्कमध्ये, एसएमपीएसमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये असेल तर फॉरमॅटचे पैसे वायाच जातात. फॉरमॅटच्या आधी करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे विंडोजची स्वतःची रोजनिशी वाचणे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टिमच्या नोंदींत काही क्रमांक कायम लक्षात ठेवावेत. १०७४ ही नोंद बंद करण्याची आज्ञा कोणी दिली ते सांगते. ६००६ म्हणजे नीट बंद झाला. ६००८ आणि ४१ म्हणजे आधीच्या वेळी नीट बंद न होताच थांबला. महिन्याभरात ४१ किती वेळा आला हे पाहिले तरी यंत्राचे हाल कळतात. कार्यक्षमतेच्या वेगळ्या नोंदवहीत २०० क्रमांकाखाली बंद व्हायला किती वेळ लागला हेही सापडते.

दुसरी गोष्ट म्हणजे सेफ मोडमध्ये सुरू करून बंद करून पाहणे. तिथे यंत्र झटकन बंद झाले तर विंडोजचा पाया ठीक आहे आणि दोष वरून बसवलेल्या कशात तरी आहे. मग तिसरी गोष्ट: सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा यादीतून लपवून बाकीच्यांपैकी निम्म्या बंद ठेवायच्या आणि रीस्टार्ट करायचे. तक्रार गेली तर दोषी त्या निम्म्यात, राहिली तर उरलेल्यात. दर खेपेला यादी निम्मी होते, त्यामुळे बत्तीस सेवांतली दोषी सेवा पाच फेऱ्यांत सापडते. काम कंटाळवाणे आहे, पण निकाल पक्का लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचे काम या बाबतीत सोपे आहे. बंद होताना ती कोणत्या कामासाठी थांबली आहे हे नावानिशी पडद्यावर दाखवते आणि बहुतेक ठिकाणी नव्वद सेकंदांनंतर ते काम स्वतःच तोडते.

बटण कधी दाबून धरावे

चार सेकंद बटण दाबून धरले की मदरबोर्ड कोणालाही न विचारता वीज तोडतो. हा शेवटचा उपाय म्हणूनच ठेवलेला आहे. विंडोजची फाइल रचना अशा धक्क्यातून बहुधा सावरते, कारण ती बदलांची आगाऊ नोंद ठेवते. पण ती नोंद फाइल कुठे आहे याची असते. फाइलमध्ये तुम्ही काय लिहीत होता याची नसते. हिशेबाच्या किंवा पतसंस्थेच्या डेटाबेसमध्ये अर्धवट उतरलेली नोंद पुढे सगळा ताळेबंद बिघडवू शकते.

म्हणून आधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा पेटत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि थांबण्यात अर्थ आहे. मग कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकत्र दाबावे. जो पडदा येईल त्यावरून टास्क मॅनेजर उघडून अडलेला प्रोग्रॅम बंद करता येतो. त्याच पडद्यावर कंट्रोल दाबून पॉवरच्या चिन्हावर क्लिक केले तर तातडीच्या रीस्टार्टचा पर्याय मिळतो. न सेव्ह केलेले काम त्यात जाते, तरी बटणापेक्षा तो बरा. अपडेट चालू असेल तर तासभरही थांबावे लागते. त्या वेळी बटणाला हात लावू नये. कॅप्स लॉक मेलेला, डिस्कचा दिवा विझलेला आणि दहा-पंधरा मिनिटे काहीच हालचाल नाही, असे असेल तरच बटण दाबून धरावे.

लाईट आणि विजा

आपल्याकडे यंत्राला न विचारता बंद करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लाईट. यूपीएस बहुतेकांकडे असतो, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ते कळते लाईट गेल्यावरच. बरा असलेला छोटा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे देतो. ही मिनिटे काम चालू ठेवण्यासाठी नसून बंद करण्यासाठी असतात. ज्या यंत्राला बंद व्हायलाच आठ मिनिटे लागतात, त्याच्या बाबतीत यूपीएसचा खर्च जवळजवळ फुकट जातो. यूपीएसला यूएसबीची तार असेल तर ती जोडावी, म्हणजे बॅटरी उतरू लागली की विंडोज आपण होऊन सगळे डिस्कवर जपून थांबते. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर बदलाच्या क्षणी पीसी रीस्टार्ट होतो.

विजांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एटीएक्स रचनेत बंद यंत्रालाही पाच व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो, म्हणजे बंद असले तरी ते विजेच्या तारेला जोडलेलेच असते. भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढावी आणि ब्रॉडबँडची तांब्याची तारही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही येते. पण पिन काढता येण्यासाठी यंत्र आधी नीट बंद झालेले असावे लागते. जे दहा मिनिटे ‘बंद होत आहे’ म्हणत राहते, त्याची पिन काढायला कोणी थांबत नाही.

पाणी येते तेव्हा

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. रात्रभर कोसळलेल्या पावसाने पहाटे पाणी गावात शिरले, सखल भागात तळमजले बुडाले, वीज गेली, फोन बंद पडले. त्याआधी २००५ च्या जुलैने हेच दाखवले होते. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दोन्ही पुरांचा फटका बसला. पुस्तके, हिशेबाच्या वह्या आणि संगणक यांच्याबाबत अशा रात्री एकच प्रश्न असतो: हाती असलेल्या थोड्या वेळात काय वर नेता येईल?

नेताना फिरती हार्ड डिस्क चालू असेल तर एका धक्क्याने ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी बंद, मग पिन, मग उचलणे, हाच क्रम. मिनिटभरात बंद होणारा संगणक वाचवता येतो. ज्याला वेळ लागतो तो मागे राहतो, किंवा पाणी बटणापर्यंत आले असताना कोणीतरी त्याच्याजवळ उभे राहते. हा धोका कोणत्याही डेटासाठी पत्करू नये. पाणी जमिनीवर आले असेल तर संगणकाचा नाद सोडावा, मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो पाडावा आणि वर जावे.

पाणी उतरल्यावर बुडालेले यंत्र चालू करून पाहायचा मोह होतो. चिखल आत असताना वीज दिली की जे वाचले असते तेही जळते. डिस्क काढावी, तिला वीज लावू नये, ती उघडू नये, आणि डेटा महत्त्वाचा असेल तर तो परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे तशीच द्यावी. मदरबोर्ड, पंखे आणि बाकीचे भाग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवल्यावर काही वेळा चालतात. एसएमपीएस मात्र नवाच घ्यावा.

मे महिन्यातले काम

या सगळ्यातून निघणारी कृती छोटी आहे. गवत-पन्हाळी, छपराची डागडुजी मे महिन्यात होते, त्याच सुमारास प्रत्येक संगणक एकदा घड्याळ लावून बंद करावा. मिनिटाच्या आत बंद झाला तर ठीक. जास्त लागला तर फास्ट स्टार्टअप काढावे, यूएसबीची उपकरणे एकेक काढून पाहावे, नोंदी वाचाव्यात. यूपीएसची पिन काढून तो किती मिनिटे टिकतो ते पाहावे. बायोसमधली लाईट आल्यावरची सेटिंग तपासावी. संगणकाचा खोका टेबलाखालून वर घ्यावा. डेटाची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक गावाबाहेर असावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून अशा यंत्रांचे पुढे काय करायचे हेही याच वेळी ठरवावे.

शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि दवाखाने यांनी वार्षिक देखभालीच्या करारात एक ओळ घालून घ्यावी, की प्रत्येक भेटीत यंत्र बंद करून आणि रीस्टार्ट करून दाखवले जाईल आणि त्याला लागलेला वेळ लिहिला जाईल. यंत्राशेजारी एक साधी वही ठेवावी: तारीख, कुठे अडकले, त्या वेळी काय जोडलेले होते. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला अशा चार ओळी मिळाल्या तर तो फॉरमॅट न मारता नेमका दोषी ड्रायव्हर काढून देऊ शकतो आणि संस्थेचा डेटा जिथल्या तिथे राहतो.